आकसलेली नळी आणि न उघडणारं तोंड : नागपुरातील एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मूत्रमार्गाच्या स्ट्रिक्चरचं आहे, म्हणजे लघवीची नळी आतल्या व्रणाने आकसण्याचं. पेशंटची लेखी परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे नुसतं ‘भाऊ’ म्हणतो, आमच्या मूत्रविकाराच्या ओपीडीतही तेच म्हणायचो. चार वर्षांत त्यांच्याबाबत बरेच निर्णय घेतले गेले. त्यातला एक चुकीचा निर्णय आमचा स्वतःचा होता, आणि एक गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती ती फार उशिरा पाहिली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

भाऊ संत्र्याची पिकअप चालवतात. काटोल-नरखेडच्या बागांतून माल उचलायचा आणि पहाटे नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात टाकायचा. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे उतरतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात; या दोन हंगामांत ते घरीसुद्धा नीट सापडत नाहीत, दवाखान्यात कुठले. पुढे प्रत्येक तारीख या बहारांनी ठरवली, म्हणून आधीच सांगतो.

२०१८ च्या पावसाळ्यात त्यांना स्क्रब टायफस झाला. त्या वर्षी नागपूर परिसरात या तापाचे बरेच रुग्ण होते. गवता-झुडपातल्या बारीक किड्याची अळी चावते, त्यातून हा आजार होतो. भाऊंचं वय तेव्हा चाळीस. ताप मेंदूपर्यंत गेला, अतिदक्षता विभागात नऊ दिवस काढले आणि जीव वाचला. त्या नऊ दिवसांत लघवीसाठी कॅथेटर होतं. कॅथेटर मूत्राशयात टिकावं म्हणून त्याच्या टोकाशी साधारण १० मिलिलिटर पाण्याचा फुगा असतो. सहाव्या की सातव्या रात्री, तापाच्या भ्रमात, भाऊंनी ते फुग्यासकट ओढून काढलं. चादर रक्ताने भरली. नवीन कॅथेटर घातलं गेलं, दोन दिवसांनी निघालं आणि डिस्चार्ज झाला.

डिस्चार्ज कार्डावर यातलं एक अक्षरही नव्हतं. आम्हाला ते त्यांच्या पत्नीने सांगितलं, तेही तीन वर्षांनी, सहज बोलता बोलता.

फुगलेला फुगा मूत्रमार्गातून ओरबाडत बाहेर येतो तेव्हा आतलं नाजूक अस्तर फाटतं. फाटलेली जागा भरून येते, पण व्रण आवळत जातो, आणि हे आवळणं महिनोन्‌महिने चालतं. त्यामुळे इजा आणि तक्रार यांचा संबंध पेशंटच्या डोक्यात जुळत नाही. डॉक्टरने मुद्दाम विचारल्याशिवाय तो कळतही नाही.

अडचण कशी वाढत गेली

२०१९ च्या उन्हाळ्यात धार बारीक झाली. भाऊंचे शब्द : “मले वाटलं उन्हाळी लागली असन.” आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. पाणी वाढवणं चांगलंच आहे, पण उन्हाळीत जळजळ होते. धार बारीक होत नाही, दोन ठिकाणी फुटत नाही आणि लघवी सुरू व्हायला जोर करावा लागत नाही. भाऊंना हे तिन्ही होतं. गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की बरोबरचा पोरगा चहा पिऊन यायचा, तरी यांचं चालूच असायचं.

जवळच्या डॉक्टरांनी वर्षभरात तीनदा अँटिबायोटिक दिलं. दर वेळी आठवडाभर बरं वाटायचं, कारण अडलेल्या लघवीत जंतू वाढतातच आणि ते औषधाने तात्पुरते कमी होतात. मग एका ठिकाणी सोनोग्राफी झाली आणि प्रोस्टेटची गोळी सुरू झाली. तो कागद भाऊंच्या फाईलमध्ये अजून आहे. त्यावर प्रोस्टेटचं वजन १८ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे अगदी नॉर्मल, आणि त्यालाच प्रोस्टेटच्या गोळीची चिठ्ठी टाचलेली आहे. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाची धार बारीक झाली तर पहिला संशय प्रोस्टेटवर घेण्याचं कारण नाही. या वयात आधी मूत्रमार्गाकडे पाहावं, आणि कधी कॅथेटर घातलं होतं का, पडताना दोन पायांच्या मध्ये मार लागला होता का, हे विचारावं.

इथे एका साध्या तपासणीने दिशा मिळाली असती. युरोफ्लो म्हणजे यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची, बस्स. सुई नाही, नळी नाही. निदान १५० मिलिलिटर लघवी झाली तर आलेख भरवशाचा मानतात. निरोगी तरुण पुरुषाचा आलेख घंटेसारखा वर चढून खाली येतो आणि सर्वांत जास्त वेग सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असतो. स्ट्रिक्चरमध्ये आलेख टेबलासारखा सपाट येतो. माणूस कितीही जोर करो, आकसलेल्या भोकातून ठरावीकच पाणी जाणार. भाऊंचा पहिला युरोफ्लो २०२० च्या फेब्रुवारीत झाला, तक्रार सुरू झाल्यावर दहा महिन्यांनी. वेग होता सेकंदाला ५.

युरोफ्लो झाला त्याच दवाखान्यात स्ट्रिक्चरचं निदान झालं आणि दुर्बिणीतून आकसलेली जागा कापली. या शस्त्रक्रियेला व्हीआययू म्हणतात, लोक ‘नळी फोडली’ म्हणतात. पहिल्या वेळी, छोट्या स्ट्रिक्चरसाठी, हा रास्त पर्याय आहे. एक दिवसाचं काम, बाहेर टाका नाही. भाऊंना आठ-नऊ महिने छान गेले. २०२० च्या शेवटी धार पुन्हा बारीक झाली.

दुसरी चीर, जी आम्ही दिली

जानेवारी २०२१ मध्ये भाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आले. मृग बहार तोंडावर होता. आम्ही मूत्रमार्गाचा रंगद्रव्याचा एक्स-रे, म्हणजे आरजीयू, बाहेरून करून घेतला. अहवालात स्ट्रिक्चर दीड सेंटिमीटर, बल्बर भागात, म्हणजे अंडकोशाच्या मागे नळीला जिथे वळण आणि फुगवटा असतो तिथे.

दोन वाटा होत्या. एक, पुन्हा दुर्बिणीतून कापणं. दुसरी, उघडी शस्त्रक्रिया करून नळीची पुनर्रचना करणं, म्हणजे युरेथ्रोप्लास्टी. एकदा कापून परत आलेलं स्ट्रिक्चर पुन्हा कापलं तर बहुतेक वेळा परतच येतं, कारण कापणं म्हणजे व्रणावर नवा व्रण. दर वेळी आजूबाजूचा चांगला भागही त्यात ओढला जातो. युरेथ्रोप्लास्टीचा टिकाऊपणा यापेक्षा कितीतरी जास्त आहे, अनुभवी हातांत दहापैकी साडेआठ-नऊ पेशंटना पुन्हा काही करावं लागत नाही. हे आम्हाला माहीत होतं. तरीही आम्ही दुसरी व्हीआययू केली.

कारणं लिहून ठेवतो. भाऊ म्हणाले, “साहेब, एवढा बहार निघून जाऊ द्या, मंग जे म्हणान ते करतो.” युरेथ्रोप्लास्टीनंतर तीन आठवडे कॅथेटर घेऊन गाडी चालवणं त्यांना शक्य नव्हतं. दीड सेंटिमीटर ही लांबी आम्हाला आश्वासक वाटली. आणि खरं सांगायचं तर, जे सोपं आहे ते पेशंटलाही हवं असतं आणि सर्जनलाही पटकन पटतं. त्यांची विनंती प्रामाणिक होती. ‘आज कापलं तर पुढची शस्त्रक्रिया मोठी होईल’ हे त्यांना कागदावर चित्र काढून समजावणं आमचं काम होतं, ते आम्ही नीट केलं नाही.

दुसरी चूक एक्स-रेची. आरजीयू काढताना पेशंटला साधारण ४५ अंशांत कुशीवर वळवावं लागतं, खालचा पाय गुडघ्यात वाकवून. सरळ उताणं झोपवून फोटो काढला तर बल्बर भागाचं वळण स्वतःवरच दुमडल्यासारखं दिसतं आणि स्ट्रिक्चर असतं त्यापेक्षा आखूड भासतं. त्या फिल्मवर दोन्ही बाजूंची कमरेची हाडं सारखी दिसत होती, म्हणजे पेशंट सरळच झोपलेला होता. आम्ही अहवालातला आकडा वाचला. फिल्म त्या नजरेने पाहिली नाही.

शस्त्रक्रियेनंतर नळी आकसू नये म्हणून घरी स्वतः कॅथेटर घालून काढण्याची पद्धत शिकवली. एप्रिल-मेमध्ये नागपुरात कोविडची दुसरी लाट आली. कोणीच कोणाला भेटू शकत नव्हतं. भाऊंनी कॅथेटर घालणं कधी सोडलं ते त्यांनाही आठवत नाही.

मे २०२२ : लघवी अडली

पारा ४५ च्या आसपास. रात्री दोन वाजता भाऊंना त्यांच्या भावाने आणलं. बारा तास लघवी झाली नव्हती, अंगात थंडी-ताप. वाटेत एका ठिकाणी कॅथेटर घालण्याचा प्रयत्न तीनदा झाला होता, त्यामुळे तोंडाशी रक्त होतं. आम्ही खालून पुन्हा प्रयत्न केला नाही. सोनोग्राफीत पाहून बेंबीखालून, पोटावरून थेट मूत्राशयात नळी घातली. ९०० मिलिलिटर लघवी निघाली. भाऊंनी डोळे मिटले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा घटक, १.९ होतं, दोन्ही किडन्यांना थोडी सूज, मूत्राशयाची भिंत जाड झालेली. अडथळा नळीत असला तरी मार वर किडनीपर्यंत गेला होता. दोन आठवड्यांत क्रिएटिनिन १.२ वर आलं आणि जीव भांड्यात पडला.

पोटावरची नळी आणखी एका कामाची होती. स्ट्रिक्चरला काही आठवडे विश्रांती मिळाली, वरून लघवी वळवली आणि खालून कोणी काही घातलं नाही, की सूज ओसरते आणि खरा व्रण कुठून कुठपर्यंत आहे ते स्पष्ट होतं. सहा आठवड्यांनी आम्ही नीट कुशीवर वळवून आरजीयू काढला आणि वरच्या नळीतूनही रंगद्रव्य सोडून दुसऱ्या बाजूचा फोटो घेतला. स्ट्रिक्चर निघालं चार सेंटिमीटर. दीडचं चार झालं त्यात किती वाटा जुन्या फिल्मच्या चुकीचा आणि किती आमच्या चिरेचा, हे आज वेगळं काढता येत नाही.

तोंड उघडेना

चार सेंटिमीटरसाठी बेत ठरला : गालाच्या आतलं अस्तर काढून त्याचं ठिगळ नळीला लावायचं. तोंडाचं अस्तर या कामासाठी उत्तम. जाड, लवचिक, केस नाहीत, आणि जन्मभर ओलं राहण्याची सवय असलेलं. इटलीचे मूत्रविकारतज्ज्ञ बारबाल्यी यांनी १९९६ मध्ये ठिगळ नळीच्या पाठच्या बाजूला लावण्याची पद्धत दाखवली. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी नळी एकाच बाजूने मोकळी करून दुसऱ्या बाजूच्या नसा आणि रक्तपुरवठा राखण्याची पद्धत रूढ केली, ती आज जगभर वापरतात. आम्हीही तीच वापरणार होतो.

शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी भूलतज्ज्ञांनी भाऊंना तोंड उघडायला सांगितलं. उभी तीन बोटं दातांमध्ये मावायला हवीत. भाऊंची दीड मावली. पट्टीने मोजलं, २२ मिलिमीटर. साधारण माणसाचं तोंड याच्या दुप्पट उघडतं. गाल आतून पांढरट आणि ताठ, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागत होते. डाव्या गालात एक पांढरा चट्टा.

खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला, नागपूरच्या प्रत्येक चौकात मिळणारा. भाऊ वीस वर्षं खात होते, दिवसाला सहा-सात पुड्या. रात्री गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून सुरू केला आणि मग सुटला नाही. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र हातावर घोटला जात राहिला. सुपारीमुळे तोंडाचं अस्तर हळूहळू चामड्यासारखं घट्ट होत जातं, त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. ही कॅन्सरपूर्व अवस्था आहे.

आमच्या जानेवारी २०२१ च्या केसपेपरवर ‘व्यसन’ या रकान्यात लिहिलं होतं : तंबाखू, हो. लिहून पुढे गेलो होतो. लघवीचा पेशंट होता, त्याचं तोंड कोणी उघडून पाहिलं नाही. ज्या तोंडातून ठिगळ घ्यावं लागू शकतं ते दीड वर्ष आमच्यासमोर बसून बोलत होतं. भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया थांबवली, आणि त्या थांबवण्याचं श्रेय पूर्णपणे त्यांचं आहे.

पर्याय कोणते होते

त्या संध्याकाळी आम्ही, भूलतज्ज्ञ आणि दंतशल्यचिकित्सक एकत्र बसलो. नंतर भाऊ, त्यांच्या पत्नी आणि भाऊ-भावजय यांच्याबरोबर दोनदा.

गालाचं अस्तर घेणं जवळपास बाद होतं. ताठ झालेलं अस्तर ठिगळ म्हणून कसं टिकेल याची खात्री नव्हती, आणि ते काढल्यावर आधीच आवळलेलं तोंड आणखी मिटण्याची भीती होती. शिवाय तोंडातून काम करायचं तर श्वासाची नळी नाकातून, पेशंट जागा असताना, दुर्बिणीच्या साहाय्याने घालावी लागली असती.

जिभेच्या खालचं अस्तर हा चांगला पर्याय असतो, खर्रा खाणाऱ्यांत तो भाग बऱ्याचदा वाचलेला असतो. भाऊंचाही ठीक दिसत होता. पण २२ मिलिमीटरच्या फटीतून जीभ बाहेर ओढून तिच्याखालून पाच सेंटिमीटरची पट्टी कशी काढणार? जीभ दातांच्या पुढे जेमतेम येत होती.

आकसलेला भाग कापून दोन टोकं थेट जोडणं : दोन सेंटिमीटरपर्यंत हे सुंदर चालतं. चार सेंटिमीटर कापले तर टोकं ताणली जातात, सांधा पुन्हा आकसतो आणि ताठरतेच्या वेळी शिश्न वाकडं होतं.

मूत्रमार्गाचं तोंड कायमचं अंडकोशाच्या मागे उघडणं : बसून लघवी करावी लागते, पण किडनी सुरक्षित राहते आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया होत नाहीत. मी हा पर्याय कधीच कमी लेखत नाही, साठीच्या पुढच्या कितीतरी पेशंटना तो सुखाचा ठरतो. भाऊ चव्वेचाळीसचे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शेवटी काहीच नसन तं पाहू.”

उरलं शिश्नाच्या पुढच्या त्वचेचं आतलं अस्तर. केस नसलेलं, पातळ, आणि काढायला कमरेखालची भूल पुरते. तोटे सांगितले : ही कातडी आहे, सतत ओलं राहण्याची तिला सवय नाही, वर्षांनी तिच्यात पांढऱ्या डागांचा त्वचारोग होऊ शकतो, आणि ठिगळ थोडं आकसतं म्हणून मोठं कापावं लागतं. त्या जागी असा रोग आज नाही, हे तपासून घेतलं.

आणि मग खोलीत शांतता पसरली. भाऊंच्या भावाने विचारलं, “म्हणजे सुंता?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता आणि आम्ही नेला नाही. पुढची त्वचा बरीच आखूड होईल, हे खरंच होतं. या शस्त्रक्रियेचा धर्माशी संबंध नाही, त्वचा घट्ट झालेल्या मुलांवर, मधुमेही पुरुषांवर हीच शस्त्रक्रिया रोज होते, हे सांगितलं. पण ते पटायला वेळ लागला. भाऊ गप्प होते. अखेर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “यांना उभ्याने लघवी करता आली पाहिजे आणि किडनी राहिली पाहिजे. बाकी कोण पाहायला येते जी?” निर्णय तिथे झाला.

काय केलं

आधी शस्त्रक्रिया सहा आठवडे पुढे ढकलली. पोटावरची नळी होतीच, घाई नव्हती. शासकीय मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या डेंटल कॉलेजमध्ये डाव्या गालाच्या चट्ट्याचा तुकडा तपासला. फायब्रोसिस आणि पेशींमध्ये सौम्य बदल; कॅन्सर नाही. चट्टा काढला, तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू झाले आणि दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली. खर्रा बंद. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ठिगळ जगायला रक्त लागतं, हे भाऊंना नेमकं समजलं. “कलम लावल्यावर पाणी नाही दिलं तं कलम मरते,” हे त्यांचंच वाक्य. संत्र्याच्या माणसाला कलम समजावून सांगावं लागत नाही.

लघवीच्या कल्चरमध्ये जंतू होते, त्यांना लागू पडणारं औषध आधी दिलं. शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाली.

ऑगस्टच्या अखेरीस कमरेत भूल देऊन शस्त्रक्रिया केली. भूल चढली नाही तर श्वासाची नळी घालण्यासाठीची दुर्बीण आणि सगळी तयारी शेजारी मांडूनच सुरुवात केली, कारण हे तोंड ऐनवेळी दगा देणारं होतं. अंडकोशाच्या मागे उभा छेद, नळी डाव्या बाजूने मोकळी केली, पाठच्या बाजूने उघडली. टेबलावर व्रण साडेचार सेंटिमीटर भरला, फिल्मपेक्षा अर्धा जास्त. साडेपाच सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद ठिगळ घेतलं, मागच्या, ताठरतेच्या वेळी कडक होणाऱ्या भागावर बारीक टाक्यांनी गोधडीसारखं अंथरलं आणि नळीच्या कडा त्याला शिवल्या. आत १६ नंबरचं सिलिकॉनचं कॅथेटर.

कॅथेटर मांडीला चिकटपट्टीने पक्कं बांधायला सिस्टरांना सांगताना २०१८ ची ती रात्र आठवली.

निकाल

एकविसाव्या दिवशी कॅथेटरच्या शेजारून रंगद्रव्य सोडून पाहिलं तर एका कोपऱ्यातून थोडी गळती होती. कॅथेटर आणखी आठवडाभर ठेवलं, मग फोटो स्वच्छ आला. भाऊंनी लघवी केली तेव्हा मी बाहेर उभा होतो. आतून बराच वेळ आवाज आला नाही, आणि मग आला. बाहेर येऊन ते काही बोलले नाहीत, हात जोडले फक्त.

तीन महिन्यांनी वेग सेकंदाला २२, लघवीनंतर मूत्राशयात ३० मिलिलिटर उरत होती. क्रिएटिनिन १.१. पोटावरची नळी त्याआधीच निघाली होती.

दोन तक्रारी होत्या. लघवी झाल्यावर चड्डीत चार थेंब गळायचे. ठिगळ लावलेल्या जागी नळी थोडी रुंद होते आणि तिथे लघवी साचते. अंडकोशाच्या मागून पुढे बोटांनी निपटून काढायला शिकवलं, त्याने बरंच भागतं. दुसरी तक्रार भाऊंनी केली नाही, आम्ही विचारली. ताठरता पहिले तीन महिने कमी होती. त्यांना वाटत होतं, हे आता असंच राहणार, आणि ते कोणालाच सांगितलं नव्हतं. या शस्त्रक्रियेनंतर असं होऊ शकतं आणि बहुतेकांत काही महिन्यांत सुधारतं, हे आधी सांगितलं होतं, पण भीतीच्या वेळी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं? सहाव्या महिन्यापर्यंत ती पूर्ववत झाली.

खर्रा मात्र पाचव्या महिन्यात परत आला. मृग बहार, रात्रीची गाडी, तीच झोप. पत्नीने फोन केला, भाऊ स्वतः आले आणि मान खाली घालून बसले. रागावण्यात अर्थ नव्हता. रात्रीच्या फेऱ्या पुतण्याकडे दिल्या आणि भाऊ दिवसाचा माल पाहू लागले, तेव्हा कुठे तो सुटला. तोंड २२ वरून २७ मिलिमीटरवर आलं, त्यापुढे सरकलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कॅथेटर ओढलं गेलं त्या रात्रीची नोंद कार्डावर असती आणि ‘धार बारीक झाली तर लगेच दाखवा’ एवढं वाक्य असतं, तर वर्ष वाचलं असतं. अतिदक्षता विभागात जीव वाचवण्याची लढाई चालू असते, तिथल्या लोकांना मी दोष देत नाही. पण भ्रमातल्या पेशंटचं कॅथेटर मांडीला बांधलेलं असावं, आणि गरज संपली त्याच दिवशी निघावं.

२०२१ मध्ये आम्ही वाट पाहू शकलो असतो. पोटावरची छोटी नळी घालून, बहार संपेपर्यंत थांबून, एप्रिलमध्ये नीट एक्स-रे आणि मग एकदाच युरेथ्रोप्लास्टी. भाऊ तेव्हा नळीला तयार झाले असते का, सांगता येत नाही. आम्ही विचारलंच नाही. कोविडमुळे एप्रिलही हुकला असता, पण किडनीवर आलेलं संकट टळलं असतं.

मला सर्वांत जास्त बोचतं ते तोंडाचं. पहिल्या भेटीत पाहिलं असतं तर चट्टा दीड वर्ष आधी दिसला असता. सौम्य बदलांवर थांबलेला होता हे नशीब. आता आमच्याकडे स्ट्रिक्चरचा पेशंट आला की युरोफ्लोच्या आधीच तोंडात तीन बोटं घालायला सांगतो आणि टॉर्चने दोन्ही गाल पाहतो. एक मिनिट लागतं. विदर्भात तरी हे प्रत्येक मूत्रविकाराच्या ओपीडीत व्हावं असं मला कळकळीने वाटतं. निव्वळ ठिगळासाठी नाही.

ठिगळाच्या निवडीबद्दल अजूनही आमच्यात एकमत नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं, तोंडाचे व्यायाम आणखी सहा महिने करून जिभेचं अस्तर घ्यायला हवं होतं, ते जास्त टिकलं असतं. पोटावर नळी घेऊन भाऊंनी सहा महिने काढले असते का, हा माझा प्रश्न. दोघांचंही म्हणणं रास्त आहे.

सध्याची स्थिती

पहिल्या वर्षी वेग १९ होता. ऑगस्ट २०२४ मध्ये, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, १६. आलेख अजून घंटेसारखाच आहे, पण माथा किंचित बसका. दुर्बीण घालून पाहिलं : ठिगळ गुलाबी, मऊ, पुढच्या टोकाशी जिथे ते मूळ नळीला मिळतं तिथे एक सैल कडं, ज्यातून १६ नंबरची दुर्बीण अडखळत का होईना पण पार गेली. भाऊंना त्रास नाही. कडं कापण्याचा मोह झाला, आवरला. लघवीत जंतू नाहीत, किडनीची सूज गेलेली, गालाच्या जुन्या जागी नवा चट्टा नाही.

दर सहा महिन्यांनी युरोफ्लो, दर तीन महिन्यांनी तोंड. वेग १२ च्या खाली आला किंवा आलेख सपाट झाला तर पुन्हा आरजीयू, कुशीवर वळवून. पुढची तारीख भाऊंनी मार्चअखेरची घेतली आहे, मृग बहार उतरल्यावर.